देवनारचा हिसाब कायद्याआधी कोणी मांडला होता?

विधानमंडळात सरकार एखादं विधेयक मांडतं तेव्हा त्याच्या शेवटी दोन-तीन छोटे कागद जोडलेले असतात. एकाचं नाव 'उद्देश व कारणे यांचे निवेदन'. दुसऱ्याचं 'वित्तीय ज्ञापन'. पहिल्यात सरकार सांगतं की हा कायदा का हवा. दुसऱ्यात सांगतं की यामुळे शासनाच्या तिजोरीतून किती खर्च होईल. आमदारही हे कागद फारसे वाचत नाहीत, पत्रकार तर नाहीच नाही. पण वाचले तरी एक गोष्ट त्यात सापडणार नाही. हा कायदा लागू झाला की कोणाचा धंदा बसेल, कोणाच्या घरचा खर्च वाढेल, किती खटले उभे राहतील, पोलिसांवर कामाचा किती बोजा पडेल, या सगळ्याचा हिसाब मांडणारा कागद तिथे नसतो. तो मागण्याची आपल्याकडे सक्ती नाही.

आठवीच्या नागरिकशास्त्रात कायदा कसा तयार होतो हे मी दरवर्षी शिकवतो. पहिलं वाचन, दुसरं वाचन, तिसरं वाचन, मग राज्यपाल किंवा राष्ट्रपतींची सही. मुलं हे पाठ करून दोन-तीन मार्क मिळवतात. एका वर्षी गोवंडीहून येणाऱ्या एका मुलाने विचारलं, "सर, कायद्याने काय होईल हे आधी कोणी मोजतं का?" पुस्तकात याचं उत्तर नाही. त्या मुलाच्या गल्लीपासून देवनारचं पशुवधगृह जवळ होतं, त्यामुळे त्याने तो प्रश्न कुठून आणला हे मला सांगावं लागलं नाही. आज तोच प्रश्न घेऊन बोलू या, आणि उदाहरण आपल्या शेजारचंच घेऊ या.

चेंबूरकरांना देवनार सांगायला नको. १९७१ साली महापालिकेने हे पशुवधगृह सुरू केलं. बकरी ईदच्या आधी तिथला बकऱ्यांचा बाजार टीव्हीवर दिसतो, म्हणून बाहेरच्या लोकांना ते तेवढ्यापुरतं आठवतं. पण एरवी वर्षभर तिथे जे चालतं त्यावर व्यापारी, हमाल, कापणारे, टेम्पोवाले, कातडी उचलणारे, आतडी साफ करणारे, हाडं आणि चरबी घेणारे अशी मोठी साखळी जगते. त्या साखळीचं एक टोक मराठवाड्यातल्या, पश्चिम महाराष्ट्रातल्या जनावरांच्या बाजारात असतं, दुसरं धारावीतल्या चामड्याच्या गाळ्यांत. मधला माणूस बहुतेक वेळा कुरेशी असतो, पण टोकाचा माणूस मराठा शेतकरी असतो, धनगर असतो, ढोर किंवा चांभार समाजाचा कारागीर असतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर बंदी जुनीच आहे. १९७६ चा महाराष्ट्र पशुसंरक्षण कायदा ती बंदी घालतो. त्या कायद्यात बैल आणि वळू मात्र कापता येत होते, अट एवढीच की पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने तसं प्रमाणपत्र द्यावं. म्हणजे जे जनावर ओढकामाला, प्रजननाला उपयोगी नाही तेच. १९९५ मध्ये राज्यात शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं, मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले आणि त्याच वर्षी बैल-वळूंच्या कत्तलीवरही पूर्ण बंदी घालणारं दुरुस्ती विधेयक विधिमंडळात मंजूर झालं. जानेवारी १९९६ मध्ये ते राष्ट्रपतींकडे गेलं. आणि तिथे राहिलं. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, तब्बल एकोणीस वर्षं. मधल्या काळात राज्यात सरकारं बदलली, दिल्लीत सरकारं बदलली, राष्ट्रपती बदलले. २०१५ च्या सुरुवातीला सही झाली आणि मार्च २०१५ मध्ये कायदा लागू झाला.

या एकोणीस वर्षांवर आपण थोडं थांबू या, कारण सगळी गंमत इथेच आहे. १९९५ च्या विधानसभेने जे मंजूर केलं ते २०१५ च्या महाराष्ट्राला लावलं गेलं. मधल्या काळात शेतात ट्रॅक्टर आले, बैलजोडी ठेवणारी घरं कमी झाली, संकरित गायी वाढल्या आणि त्यांना होणारी नर वासरं शेतकऱ्याला नकोशी झाली, मुंबईची लोकसंख्या कुठल्या कुठे गेली. १९९५ साली मतदान करणाऱ्या कित्येक आमदारांचं निधनही झालं असेल. २०१५ साली हा विषय सभागृहात पुन्हा आला नाही. नव्या विधानसभेने त्यावर चर्चा केली नाही, मत दिलं नाही. राज्यघटनेप्रमाणे तशी गरजही नव्हती, त्यामुळे बेकायदेशीर काही घडलं असं मी म्हणत नाही. पण वीस वर्षांपूर्वी काढलेल्या एक्स-रेवर आज ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणू?

मग झालं काय? मार्च महिन्यात कायदा आला तेव्हा मराठवाड्यात दुष्काळ होता. पुढचं वर्षही कोरडं गेलं, इतकं की एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. दुष्काळात शेतकरी पहिलं काय करतो? चारा परवडत नाही म्हणून जनावर बाजारात नेतो. त्या पैशातून घर चालवतो, पोरीची फी भरतो, पाऊस आला की दुसरं जनावर घेतो. त्याच्यासाठी म्हातारा बैल म्हणजे बँकेतली ठेव असते. २०१५ मध्ये ही ठेव एका रात्रीत गोठली. बाजारात बैल होते, घेणारा नव्हता. सरकारला चारा छावण्या चालवाव्या लागल्या आणि त्यात ही जनावरंही आली. या खर्चाचा विचार १९९५ मध्ये कोणी केला असणं शक्य नव्हतं, आणि २०१५ मध्ये तो करा असं सांगणारा नियमच नव्हता.

मालेगावात पोलिसांनी जनावरांचे फोटो आणि मालकांची माहिती गोळा करायला सुरुवात केली. ही मस्करी नाही, त्या वर्षी देशभरच्या पेपरांत ती बातमी होती. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या वाघ-सिंहांच्या ताटात कोंबडी आली, कारण त्यांचं नेहमीचं मांस देवनारहून यायचं. पुढे पकडलेलं मांस कोणाचं हे ओळखण्यासाठी न्यायवैद्यक प्रयोगशाळेला वेगळी तयारी करावी लागली, पोलिसांच्या पथकांना तपासणीचे किट देण्याची योजना निघाली. म्हणजे गाय-बैल ओळखायचं काम पोलिसांच्या आणि शास्त्रज्ञांच्या वेळेतून होणार. तो वेळ कुठल्या तरी दुसऱ्या गुन्ह्याच्या तपासातून कापला जाणार, हे उघड आहे.

आणि आपल्या भागात? देवनारला बैलांचं काम थांबलं. आता तिथे मोठं जनावर म्हणजे म्हैस आणि रेडा. ज्यांच्याकडे भांडवल होतं त्यांनी म्हशीकडे किंवा चिकनकडे मोर्चा वळवला. ज्यांच्याकडे फक्त हात आणि सुरी होती, त्यांच्यातले काही रिक्षा चालवू लागले, काही नाक्यावर उभे राहू लागले. गरीब घरात आठवड्यातून दोनदा येणारं मोठ्याचं मटण महाग झालं. यात किती माणसं होती? हा आकडा मी तुम्हाला देणार नाही, कारण तो मोजायचं काम ज्यांचं होतं त्यांच्याकडून तो आपल्यासमोर आला नाही. अंदाजाचे मोठमोठे आकडे व्हॉट्सअॅपवर फिरतात, ते घेऊन वाद घालणाऱ्याचीच शेवटी फजिती होते.

सरकारी आकडे जे आहेत ते बघा. पशुगणनेप्रमाणे २०१२ मध्ये राज्यात गाय-बैल मिळून सुमारे १ कोटी ५५ लाख होते. २०१९ मध्ये ते सुमारे १ कोटी ४० लाख राहिले. दहा टक्क्यांची घट. त्याच काळात म्हशी जवळपास तेवढ्याच राहिल्या, आणि देशभरात गोवंशाची संख्या किंचित वाढली. ज्या जनावराला वाचवायचं म्हणून कायदा केला ते कमी झालं, ज्याला कायद्याने हात लावला नाही ते टिकलं. पण इथे एक सावधगिरी. ही घट फक्त बंदीमुळे झाली असं म्हणणं घाईचं होईल. दुष्काळ होता, ट्रॅक्टर होते, आणि बिहार-झारखंडसारख्या राज्यांत बंदी असूनही याच काळात गोवंश वाढलेला आहे. कारणं वेगळी काढून दाखवणं हे अर्थशास्त्रज्ञांचं काम आहे. परिणामांचा अभ्यास म्हणतात तो हाच. आधी तो झाला नाही आणि नंतरही नाही, म्हणून आज दोन्ही बाजू हवेत तलवारी फिरवतात.

जो खर्च आधी लिहिला गेला नाही तो नंतर हप्त्याहप्त्याने समोर येतो. भाकड जनावरं सांभाळणाऱ्या केंद्रांना अनुदानाच्या योजना आल्या. २०२३ मध्ये गोसेवा आयोगाचा कायदा झाला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' जाहीर केलं गेलं आणि त्याच बैठकीत गोशाळांमधल्या देशी गायींसाठी दररोज प्रत्येकी ५० रुपये द्यायचं ठरलं. आता आपण शाळेतलं साधं गणित करू. दिवसाला ५० म्हणजे वर्षाला १८,२५० रुपये. हे अनुदान देशी गायीसाठी आहे, बैलासाठी नाही, पण एक जनावर पोसायला निदान इतके लागतात असं सरकारने स्वतःच मान्य केलं असं धरू. काम संपल्यावर बैल पाच वर्षं जगला तर शेतकऱ्याच्या डोक्यावर ९१,२५० रुपये. अशी एक लाख जनावरं धरली तर वर्षाला १८२ कोटी ५० लाख. एक लाख हा आकडा मी उदाहरणासाठी घेतलाय, खरा आकडा कृषी आणि पशुसंवर्धन खात्याने काढायचा आहे. पण गणित इतकं सोपं आहे की १९९५ मध्येही ते फळ्यावर मांडता आलं असतं.

कोर्टात काय झालं तेही बघू, कारण हिसाबाची खरी किंमत तिथे कळते. १९५८ मध्ये बिहार, उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातल्या कुरेशी व्यावसायिकांच्या याचिकांवर सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी निकाल दिला. मोहम्मद हनीफ कुरेशी खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. कोर्टाने देशातली जनावरं किती, चारा किती, शेणाचा उपयोग किती, गरिबाच्या जेवणात या मांसाची जागा काय, हे सगळं तपासलं. निकाल असा आला की गायीवरची बंदी योग्य, पण बैल-वळू-म्हैस उपयोगी असेपर्यंतच बंदी चालेल. निरुपयोगी झालेल्या जनावरांवरही बंदी घातली तर तो व्यवसायावर अवाजवी निर्बंध होईल. म्हणजे जे काम विधिमंडळाने आधी करायचं ते कोर्टाने नंतर केलं.

मग ऑक्टोबर २००५ मध्ये गुजरातच्या कायद्यावर सात न्यायाधीशांचं खंडपीठ बसलं, मिर्झापूर मोती कुरेशी कसाब जमात खटला. या वेळी निकाल सहा विरुद्ध एक असा उलटा लागला. फक्त न्या. ए. के. माथुर वेगळं मत देणारे. सहा न्यायाधीशांचं मत का बदललं? घटनेतल्या मार्गदर्शक तत्त्वांचा आधार तर होताच, पण गुजरात सरकारने कृषी आणि पशुसंवर्धन खात्याच्या अधिकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं दाखल केली होती. म्हातारं जनावरही शेण देतं, मूत्र देतं, बायोगॅसला, खताला उपयोगी पडतं, त्यामुळे ते कधीच निरुपयोगी नसतं, असं आकड्यांसह मांडलं होतं. कोर्टाने ते स्वीकारलं. तुम्हाला-मला तो युक्तिवाद पटो न पटो, त्यांनी कागद आणले होते आणि ते कागद चालले.

महाराष्ट्राच्या कायद्यावर मुंबई हायकोर्टाचा निकाल ६ मे २०१६ रोजी आला, न्या. अभय ओक आणि न्या. एस. सी. गुप्ते यांचा. कत्तलीवरची बंदी कायम राहिली. मात्र राज्याबाहेर कायदेशीरपणे कापलेल्या जनावराचं मांस घरात ठेवणं हाही गुन्हा ठरवणारं कलम रद्द झालं, कारण माणूस आपल्या घरात काय खातो हा त्याच्या खासगीपणाचा भाग आहे. आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करावं, असं सांगणारं कलमही गेलं. विचार करा, ही दोन कलमं लागू असताना ज्यांच्या घरात पोलिस शिरले त्यांचं काय? मूलभूत हक्कांवर परिणाम काय होईल हा प्रश्न मसुद्याच्या टप्प्यावर कोणी लेखी विचारला असता, तर हे वर्षभराचं हलाखीचं प्रकरण टळलं असतं.

बरं, असा प्रश्न विचारायची पद्धत भारतात अजिबात नाही का? कागदावर आहे. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राच्या सचिव समितीने 'विधीपूर्व सल्लामसलत धोरण' ठरवलं. केंद्राच्या प्रत्येक खात्याने विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा. सोबत सोप्या भाषेत टिपण द्यावं. त्यात कायद्याची गरज, खर्चाचा अंदाज, आणि पर्यावरणावर, मूलभूत हक्कांवर, बाधित लोकांच्या जगण्यावर आणि रोजीरोटीवर काय परिणाम होईल याचा अंदाज असावा. रोजीरोटी हा मुद्दा त्यात स्पष्ट आहे. पण हे धोरण आहे, कायदा नाही. पाळलं नाही तर शिक्षा नाही, विधेयक अडत नाही. जून २०२० मध्ये तीन कृषी अध्यादेश आले तेव्हा शेतकऱ्यांना कोणी विचारलं नाही, नंतर वर्षभर दिल्लीच्या सीमेवर ते बसले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घ्यावे लागले.

गंमत बघा, सार्वजनिक प्रकल्पासाठी जमीन घ्यायची तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याने, काही अपवाद सोडता, सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि जनसुनावणी सांगितली आहे. दहा गावं हलवणाऱ्या प्रकल्पाला अभ्यास लागतो. अख्ख्या राज्याची बाजारपेठ हलवणाऱ्या कायद्याला लागत नाही.

न्यायालयांवर पडणाऱ्या बोजाचीही तीच कथा. चेक बाउन्स हा गुन्हा १९८८ च्या दुरुस्तीने आला. हेतू चांगला, पण किती खटले येतील हे मोजलं नाही. विधी आयोगाच्या २००८ च्या अहवालात असे ३८ लाखांहून जास्त खटले पडून असल्याची नोंद आहे. त्याच वर्षी न्या. जगन्नाथ राव यांच्या समितीने सुचवलं की प्रत्येक विधेयकासोबत त्यामुळे वाढणाऱ्या खटल्यांचा आणि खर्चाचा अंदाज द्यावा. सूचना चांगली होती, ती अहवालातच राहिली.

बाहेरच्या देशांत सगळं छान चालतं असा समज करून घेऊ नका. ब्रिटनमध्ये विधेयकासोबत परिणामांचा अहवाल छापतात, आणि २०१० च्या समता कायद्यानुसार धर्म, वंश, लिंग, अपंगत्व अशा गटांवर काय फरक पडेल याचा विचार करणं सरकारी खात्यांवर बंधनकारक आहे. तरीही तिथल्या गृहखात्याने स्थलांतरितांविरुद्ध कडक धोरणं आखताना हे कर्तव्य पाळलं नाही, असं २०२० मध्ये तिथल्याच समता आणि मानवी हक्क आयोगाने ठरवलं. म्हणजे तिथेही चुकतात. फरक इतकाच की चुकलं हे मोजायला त्यांच्याकडे पट्टी आहे.

आता अलीकडचं. वक्फ दुरुस्ती विधेयक ऑगस्ट २०२४ मध्ये आलं, संयुक्त संसदीय समितीकडे गेलं. समितीकडे ९७ लाखांहून जास्त निवेदनं आली. आपल्या मशिदींबाहेर क्यूआर कोड लावले होते, जुम्याच्या नमाजनंतर पोरं मोबाइल घेऊन उभी होती, तुम्हाला आठवत असेल. त्या मेहनतीला मी कमी लेखत नाही. पण ९७ लाख वेळा जवळपास तोच मजकूर गेला तर समितीला एक मत कळतं, माहिती कळत नाही. कोणत्या तालुक्यातल्या किती दर्ग्यांकडे, कब्रस्तानांकडे जुने कागद नाहीत, किती मुतवल्ली स्वतः संगणक चालवू शकतात, सातबाऱ्यावर नाव चढलेलं नाही अशी प्रकरणं किती, हे त्यात किती आलं असेल? एप्रिल २०२५ मध्ये कायदा लागू झाला आणि जूनमध्ये 'उमीद' पोर्टल सुरू झालं. सहा महिन्यांची मुदत डिसेंबरमध्ये संपली तेव्हा नोंदणीला सुरुवात झालेल्या मालमत्ता सुमारे ५ लाख १७ हजार होत्या. केंद्राच्याच आधीच्या नोंदींत वक्फ मालमत्ता साधारण ८ लाख ७२ हजार आहेत. शेवटच्या आठवड्यात पोर्टल चालत नाही म्हणून कागदांची पिशवी घेऊन सायबर कॅफेत बसलेले मुतवल्ली अनेकांनी पाहिले असतील. सहा महिने पुरतील का, हा प्रश्न मसुदा लिहिताना आकडे समोर ठेवून विचारायचा होता.

राज्यातही फेब्रुवारी २०२५ मध्ये 'लव्ह जिहाद' आणि सक्तीच्या धर्मांतरावर कायद्याची शिफारस करायला सात जणांची समिती नेमली गेली. अध्यक्ष कोण, तर पोलिस महासंचालक. इथे व्यक्तीचा प्रश्न नाही. पोलिस खात्याचा प्रमुख कायदा राबवायचा कसा हे उत्तम सांगू शकेल. वेगळ्या धर्मात लग्न करणाऱ्या सज्ञान मुलीवर, तिच्या घरावर, शेजाऱ्यांच्या नात्यांवर काय परिणाम होतील हे मोजायचं तर समाजाचा आणि कुटुंबांचा अभ्यास करणारी माणसं पुढे बसलेली हवीत.

माझ्या पेशातलं एक उदाहरण देऊन मग शेवटच्या मुद्द्याकडे येतो. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्याने आरटीईचे नियम बदलले. सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी शाळांना गरीब मुलांच्या २५ टक्के जागांतून सूट मिळाली. चेंबूर, गोवंडी, मानखुर्दचा नकाशा घ्या, महापालिकेच्या प्रत्येक शाळेभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढा. बाहेर किती खासगी शाळा उरतात ते बघा. नववीतली मुलं हे कंपास घेऊन एका तासात करतील. हा अभ्यास करायला आयोग लागत नाही. जुलै २०२४ मध्ये हायकोर्टाने तो नियम रद्द केला, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानेही ते कायम ठेवलं. पण शाळा जूनमध्ये सुरू झाल्या होत्या आणि सोडतीची यादी २० जुलैला लागली. पहिलीतल्या पोराचा गेलेला दीड महिना कोणत्याही निकालाने परत येत नाही.

इथे एक अडचण समजून घेतली पाहिजे. सरकार अभ्यास करत नाही हे खरं, आणि ती जबाबदारी सरकारचीच आहे, ती आपल्या गळ्यात घेऊन त्यांना मोकळं करू नये. पण सरकार करेल म्हणून वाट पाहिली तर काय होतं ते देवनारने दाखवलं. २०१५ च्या मार्चमध्ये आपल्याकडे मोर्चे होते, निवेदनं होती, संताप होता. व्यवसायाची वही नव्हती. उलट २०२५ च्या उन्हाळ्यानंतर राज्यात कुरेशी बिरादरीने जनावरं खरेदी करणंच बंद केलं तेव्हा वेगळी गोष्ट घडली. बाजार ओस पडले, आणि शेतकरी बोलू लागले. सत्ताधारी आघाडीतल्या सदाभाऊ खोतांसारख्या शेतकरी नेत्यालाही रस्त्यावर गाड्या अडवणाऱ्या गोरक्षकांविरुद्ध उघड बोलावं लागलं. अजित पवारांनी बैठक घेतली. दहा वर्षं जे मुसलमानांचं दुखणं म्हणून बाजूला ठेवलं होतं, ते शेतकऱ्याच्या खिशाचं दुखणं म्हणून ऐकलं गेलं. वर सांगितलेल्या साखळीचं दुसरं टोक हेच.

म्हणून जमातींना, व्यापारी संघटनांना, शिक्षकांना एक काम सुचवतो. आपल्या मोहल्ल्यातल्या धंद्यांची वही आजपासून ठेवायला लागा, कोणताही कायदा दारात नसताना. दुकान किती, प्रत्येकात कामाला माणसं किती, त्यातली बाहेरगावची किती, भाडं किती, माल कुठून येतो, शेतकऱ्याला महिन्याला किती रुपये जातात. परवाने, खरेदीच्या पावत्या, महापालिकेच्या फीच्या पावत्या यांच्या झेरॉक्स एकत्र ठेवा. बारावी पास पोरगी हे एक्सेलमध्ये भरू शकते. ज्या शेतकऱ्याकडून माल येतो त्याचं नाव-गाव त्याला विचारून लिहा, आणि निवेदनावर त्याचीही सही घ्या.

जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीकडे १२ हजारांहून जास्त सूचना आल्या होत्या आणि जुलै २०२५ मध्ये ते मंजूर होण्याआधी काही तरतुदी बदलल्या, तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचा दर्जा वाढवला गेला. मूळ आक्षेप राहिले, पण दार पूर्ण बंद नव्हतं. तेव्हा विधेयक समितीकडे गेलं की पहिल्या आठवड्यातच आपलं टिपण तयार असलं पाहिजे. ते मराठीत असावं, दोन पानांच्या वर नको, पहिल्या पानावर आकडे, दुसऱ्यावर ते कुठून आणले. भावनेचं एखादं वाक्य चालेल, जास्त नको. इमेल करा, पण एक प्रत विधानभवनात हातानेही द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका. कोर्टात जायची वेळ आली तर वकील सगळ्यात आधी तीच प्रत मागेल.